परसबागेच्या आखणीतून परिमिती आणि क्षेत्रफळ: पाचवीला नेमकं कसं शिकवायचं?

पाचवीच्या_बाई

नमस्कार सगळ्यांना.

पाचवीचा वर्ग, पट २८. शाळेच्या मागे १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद जागा मोकळी आहे. पोषण आहारासाठी तिथे परसबाग करायचं ठरलंय. लांबीची एक बाजू शाळेच्या पक्क्या भिंतीला लागून आहे, बाकी तीन बाजू उघड्या. शेळ्या शिरतात, त्यामुळे जाळी मारावीच लागेल. भिंतीलगतच्या एका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीचा चौथरा आहे, भिंतीच्या बाजूने १ मीटर आणि आत २ मीटर.

परिमिती आणि क्षेत्रफळ हा घटक या आखणीतूनच घ्यायचा विचार आहे. वहीतली गणितं मुलं बिनचूक सोडवतात. लांबी-रुंदी दिली की सूत्र म्हणतात, आकडे घालतात, उत्तर काढतात. पण जागेवर उभं करून "जाळी किती आणायची?" विचारलं की निम्मा वर्ग "९६" म्हणतो. "खत किती जागेत पसरायचं?" विचारलं की "४० मीटर". सूत्र पाठ आहे, कुठलं कशासाठी ते उमगलेलं नाही.

सुरुवात जागेवर करावी की चौकटीच्या वहीत? वाफे आणि पायवाटा किती मापाच्या ठेवल्या तर गणितही सोपं राहील आणि भाजीही नीट येईल? मुलं नेमकी कुठे अडखळतात, म्हणजे आधीच तयारी ठेवता येईल? हाताशी ३० मीटरचा एक टेप, सुतळी, खो-खोच्या मैदानाची फक्की, कुदळ-फावडी आहेत. साधारण आठ तासिका देता येतील.

खुंटी_आणि_दोरी

बाई, पहिल्या तासाला "परिमिती" आणि "क्षेत्रफळ" हे शब्द फळ्यावर लिहूच नका. त्याऐवजी बागेला काय काय लागेल त्याची यादी मुलांकडून काढून घ्या: जाळी, खांब, शेणखत, बी, विटा, पाणी, झेंडूची रोपं. मग प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावा, "ही कडेने लागते की आत पसरते?" फळ्यावर दोन रकाने करा. जाळी कडेने. शेणखत आत. विटांवर वाद होईल आणि तो होऊ द्या. वाफ्याच्या काठाला लावल्या तर कडेने, पायवाटेवर अंथरल्या तर आत. झेंडूचंही तसंच. एकच वस्तू दोन्ही रकान्यांत जाऊ शकते, आपण तिचं काय करतो यावर ते ठरतं, हे इथेच कळतं. ९६ आणि ४० ची गल्लत इथून सुटायला लागते.

शब्द त्यानंतर द्या. परि म्हणजे भोवती, मिती म्हणजे माप. आणि "शेत" हा शब्द "क्षेत्र" यावरूनच आला आहे, म्हणजे क्षेत्रफळ हे शेताचं माप. गावातल्या मुलांना हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता आखणी. सुरुवात जागेवरच करा. २८ मुलांचे चौघा-चौघांचे सात गट: दोघं टेप धरणार, एक आकडा वाचणार, एक लिहिणार. प्रत्येक बाजूला कामं बदला, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत एकच राहतो. टेप एकच असल्याने बाकी गटांनी तोवर पावलांनी मोजून अंदाज लिहावा.

मोजमापात नेहमी होणाऱ्या चुका:

टेपचं शून्य कुठे आहे ते आधी दाखवा. काही टेपांत शून्य कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींत पट्टीवर थोडं पुढे छापलेलं. कडी खुंटीला अडकवून मोजलं की तेवढी चूक प्रत्येक बाजूला होते. दुसरं, बहुतेक टेपांना एका अंगाला फूट आणि दुसऱ्या अंगाला मीटर असतात. मधेच टेप उलटला की मुलं ८ मीटरच्या बाजूला २६ लिहितात. तिसरं, टेप सैल सोडला किंवा गवतावरून नेला की माप वाढतं. एकाच बाजूची तीन गटांची मापं फळ्यावर लिहा आणि फरक का पडला ते मुलांनाच शोधू द्या.

काटकोन दोरीने साधा. १२ मीटर दोरी घ्या, टोकं जोडून फेरा करा, ३, ४ आणि ५ मीटरच्या बाजू होतील अशा तीन खुणा करा आणि तीन मुलांनी तीन खुणा धरून ताणा. ३ आणि ४ च्या मधला कोपरा काटकोन. खुणेसाठी गाठी मारू नका, गाठ दोरी खाते आणि मीटर अपुरा पडतो. रंगीत दोरा बांधा किंवा स्केचपेनने खूण करा. नायलॉनची दोरी ताणली की लांबते आणि सुतळी भिजली की आखडते, म्हणून कोरडी सुतळी वापरा आणि दर तासाच्या सुरुवातीला ती टेपवर तपासा.

चारही खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा. १२ × ८ च्या आयताचा कर्ण साधारण १४.४२ मीटर येतो. आकडा मुलांना काढायला लावायचा नाही, दोन्ही कर्ण सारखे आले की जागा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे एवढं पाहायचं. समोरासमोरच्या बाजू सारख्या पण कर्ण वेगळे, म्हणजे आयत कलला आहे. बाजू तेवढ्याच, परिमितीही ४०, पण क्षेत्रफळ ९६ पेक्षा कमी भरतं. हे खरं करून दाखवायचं तर चार काठ्या टोकांना सैल बांधा आणि चौकट हळूहळू तिरकी करत न्या. काठ्या तेवढ्याच राहतात, आतली जागा मिटत जाते. दोन मिनिटांचं काम आहे, पण परिमिती आणि क्षेत्रफळ वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे याहून स्पष्ट दिसत नाही.

चौकटीची_वही

वरच्याशी सहमत, फक्त एक भर. क्षेत्रफळाचं एकक मुलांच्या हातात द्या. "एक चौरस मीटर" हे बहुतेक मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. चौसेमी वहीत दिसतो, चौमी फक्त लिहिला जातो.

खताच्या रिकाम्या गोण्या उसवा, शिवून किंवा चिकटवून बरोबर १ मीटर × १ मीटरचा चौरस कापा. असे बारा तरी करा. वर्तमानपत्राचेही होतात, पण वाऱ्याने उडतात आणि ओल्या मातीवर फाटतात. एका चौरसावर स्केचपेनने १०-१० सेंमीवर रेघा मारा, १०० चौकटी दिसतील. त्यातल्या एका चौकटीत १ सेंमीची जाळी आखा, त्यात आणखी १००. म्हणजे १ चौमी = १०,००० चौसेमी. "१ मीटर = १०० सेंमी, म्हणून १ चौमी = १०० चौसेमी" ही चूक मोठ्या वर्गांपर्यंत मुलांचा पिच्छा सोडत नाही. ती इथेच मोडते.

मग जागेच्या एका टोकाला भिंतीपासून जाळीपर्यंत गोण्यांची एक ओळ पसरा. ८ गोण्या बसल्या. अशा ओळी किती? १२. म्हणून ८ × १२. गुणाकार कशाचा, हे मुलाला दिसलं पाहिजे: एका ओळीतले चौरस गुणिले ओळी. "लांबी गुणिले रुंदी" असं म्हटलं की मुलाला वाटतं आपण मीटरला मीटरने गुणतो आणि उत्तर मीटरच येतं. तुमचा "४० मीटर"वाला गोंधळ यातलाच आहे.

यानंतरचा तास सुतळीचा. २४ मीटर सुतळीचा फेरा करा, दर मीटरला खूण. चार मुलं चार कोपरे धरतात, बाकीची आत गोण्या अंथरून मोजतात. प्रत्येक आकाराला सुतळी तीच.

१ × ११ केला तर ११ चौमी
२ × १० मध्ये २०
३ × ९ मध्ये २७
४ × ८ मध्ये ३२
५ × ७ मध्ये ३५
६ × ६ मध्ये ३६

गोण्या बाराच असल्या तरी एक-एक ओळ अंथरत पुढे सरकता येतं. जागेवर तीन आकार पुरेत (२ × १०, ४ × ८, ६ × ६), बाकीचे वहीत. सगळे जागेवर करायला गेलात तर तास दोरी ओढण्यातच संपतो.

उलटं गणित दुसऱ्या दिवशी. २४ चौमीचा वाफा हवा, काठाला विटा कमीत कमी लागाव्यात. १ × २४ केला तर काठ ५० मीटर, २ × १२ ला २८, ३ × ८ ला २२, ४ × ६ ला २०. एकदा काठ धरून ठेवायचा आणि जागा बदलायची, एकदा जागा धरून ठेवायची आणि काठ बदलायचा. दोन्ही तास झाले पाहिजेत. एकच घेतला तर मुलं "मोठी परिमिती म्हणजे मोठं क्षेत्रफळ" या समजातून पूर्ण बाहेर येत नाहीत.

आणि तुमच्याकडे भिंत आहे, तिचा उपयोग करा. सुतळीचा तास झाला की "चौरसच सगळ्यात मोठा" असं मुलं ठाम सांगतील. मग विचारा: भिंतीला लागून तीनच बाजूंना जाळी लावायची, जाळी २४ मीटर, जास्तीत जास्त जागा कशी घेशील? ८ × ८ चा चौरस ६४ चौमी देतो. पण भिंतीतून आत ६ मीटर आणि भिंतीच्या बाजूने १२ मीटर घेतले तर ६ + १२ + ६ = २४ आणि जागा ७२ चौमी. ५ × १४ मध्ये ७० आणि ७ × १० मध्येही ७०. कारण सुतळीनेच दाखवा. भिंत म्हणजे आरसा समजा. ६ × १२ च्या पलीकडे त्याचं प्रतिबिंब धरलं तर १२ × १२ चा चौरस होतो. चौरसच जिंकला, फक्त अर्धा भिंतीपलीकडे गेला.

वाफा_वरंबा

शेतीच्या अंगाने लिहितो.

वाफा १ मीटरपेक्षा रुंद करू नका. मोठी माणसं १.२ मीटर करतात, कारण दोन्हीकडून हात मधल्या रेघेपर्यंत पोचतो. पाचवीतल्या मुलाचा हात वाकून जेमतेम ५० सेंमी जातो. त्याहून रुंद वाफ्यात मुलं पाय टाकतात, माती दबते आणि मेथी-पालक त्या पावलांच्या जागी विरळ उगवतात. वाफ्यांमधली वाट ५० सेंमी, एक मूल झारी घेऊन जाईल एवढी. मधला रस्ता १ मीटर, समोरासमोरून दोघं घमेली घेऊन जातील एवढा.

या मापांनी तुमच्या १२ × ८ मध्ये काय बसतं बघा. ८ मीटरच्या बाजूने: भिंतीलगत ०.५ वाट, ३ मीटर वाफा, १ मीटर रस्ता, पुन्हा ३ मीटर वाफा, जाळीलगत ०.५ वाट. बेरीज ८. १२ मीटरच्या बाजूने: सुरुवातीला ०.५ वाट, मग १ मीटरचे सात वाफे आणि त्यांच्या मधल्या ०.५ च्या सहा वाटा (७ + ३ = १०), मग ०.५ वाट, आणि शेवटी १ मीटरचा पट्टा. बेरीज १२. त्या पट्ट्याच्या भिंतीकडच्या टोकाला तुमचा टाकीचा चौथरा येतो. उरलेल्या पट्ट्यात ५ मीटर लांबीचा वेलांचा वाफा करा, दोडका, कारलं, वाल. जाळीवर चढतील, वेगळा मांडव नको.

म्हणजे ३ × १ चे १४ वाफे. पट २८, दोघांना एक वाफा. वाफ्याखाली ४२ चौमी, वेलांना ५, एकूण ४७. चौथरा सोडून जागा ९४ चौमी. म्हणजे बरोबर निम्म्या जागेत भाजी आणि निम्मी वाटांना. हा आकडा मुलांकडूनच काढून घ्या, तुम्ही सांगू नका. मग विचारा, वाट कमी कशी करता येईल? कुणीतरी मधला रस्ता काढून टाकेल: ७ × १ चे सात वाफे. क्षेत्र ४९ होतं, ७ चौमी जास्त. काठ बघा: ३ × १ ला ८ मीटर, चौदांचे ११२. ७ × १ ला १६ मीटर, सातांचे ११२. काठ तेवढाच, जागा जास्त. पण मग मधल्या वाफ्यापर्यंत जायला रोज ७ मीटर वळसा पडतो आणि मुलं वाफे ओलांडायला लागतात. मी १४ वाफ्यांच्या बाजूने आहे. तरी निवड वर्गाने करावी, दोन्ही नकाशे फळ्यावर ठेवून.

रोपांची संख्या काढताना क्षेत्रफळाचा भागाकार फसवतो. टोमॅटोचं अंतर ६० × ४५ सेंमी धरा. एका रोपाला २,७०० चौसेमी, वाफा ३०,००० चौसेमी, भागाकार ११ आणि थोडं. प्रत्यक्ष दोरी लावून बघा: १ मीटर रुंदीत ६० सेंमी अंतराने दोन ओळी बसतात, काठापासून २० सेंमी आत. ३ मीटर लांबीत ४५ च्या अंतराने सहा रोपं आरामात. म्हणजे १२. एक रोप जास्त कसं? कडेच्या रोपांचा पसारा वाटेवर जातो, ती जागा वाफ्याच्या क्षेत्रफळात धरलेलीच नाही. मुलांनी भागाकार आणि दोरी दोन्ही करावं आणि फरकाचं कारण लिहावं.

खत: हेक्टरी २० टन शेणखत म्हणजे २०,००० किलो भागिले १०,००० चौमी, चौमीला २ किलो. ३ चौमीच्या वाफ्याला ६ किलो, सगळ्या ४७ चौमीला ९४ किलो. एक घमेलं एकदा भरून वजन करा, मग मुलं घमेल्यांत हिशोब करतील. खत पूर्ण कुजलेलंच घ्या, ताज्या शेणाने हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि रोपं करपतात.

मेथीचं बी हेक्टरी ३० किलो धरलं तर चौमीला ३ ग्रॅम, वाफ्याला ९ ग्रॅम. कोवळी जुडी उपटायची असेल तर थोडं दाट पेरलं तरी चालतं.

पाण्याचं गणित सगळ्यात सुंदर आहे. १ चौमीवर १ मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर ते बरोबर १ लिटर होतं. दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर वाफ्याला १५ लिटर, म्हणजे एक मोठी बादली. पावसाळ्यात एका डब्यात मोजपट्टीने पाऊस मोजा, डबा उभ्या भिंतींचा हवा, निमुळता नको. ८ मिलिमीटर पाऊस पडला तर वाफ्यावर २४ लिटर पडलं, आज पाणी नको. क्षेत्रफळ रोजच्या कामाला लागतं ते असं.

पावसाळ्यात लावणार असाल तर वाफे १५ सेंमी उंच गादीवाफे करा, नाहीतर मुळं कुजतात. आणि फक्कीने आखू नका, एका सरीत धुऊन जाते. खुंट्या आणि सुतळी ठेवा.

पाचवीच्या_बाई

मनापासून आभार. १४ वाफे आणि २८ मुलं हे जुळलेलं पाहून फार बरं वाटलं.

दोन शंका. वहीत सराव म्हणून "१० × ६ मीटरच्या बागेत कडेने आतून १ मीटरची वाट, वाटेचं क्षेत्रफळ किती?" हे दिलं. तीन उत्तरं आली: १५, ३२ आणि २८. २८ बरोबर आहे, पण ३२ वाली मुलं फार ठामपणे बोलतात आणि त्यांना चूक कुठे आहे ते सांगणं अवघड जातंय. दुसरी, टाकीचा चौथरा वगळला की जागेचा आकार आयत राहत नाही. तिथे परिमिती कशी घ्यायची? आणि खांब किती आणायचे?

खुंटी_आणि_दोरी

३२ वाल्या मुलांचा विचार चांगला आहे, तो फेकून देऊ नका. ती म्हणतात, परिमिती ३२ मीटर, वाट १ मीटर रुंद, म्हणून ३२ × १. वाट उलगडून सरळ पट्टी केल्यासारखी कल्पना आहे. गोण्या घेऊन बाहेरच्या काठाने चालत जा आणि प्रत्येक बाजूला गोण्या मोजा: १०, ६, १०, ६. आता कोपऱ्यावर बोट ठेवा. कोपऱ्यातली गोणी लांबीतही मोजली आणि रुंदीतही. असे कोपरे चार, म्हणून ३२ − ४ = २८. उत्तर बदललं तरी त्यांची रीत टिकली, आणि याचा मुलांना आनंद होतो.

१५ वाली मुलं १० − १ आणि ६ − १ करतात, म्हणजे ६० − ४५. त्यांनी वाट एकाच टोकाला वजा केली. आतल्या आयतात उभं राहून दोन्ही हात पसरायला सांगा: डावीकडे वाट आहे? उजवीकडे? म्हणून १० − २ आणि ६ − २. ८ × ४ = ३२, आणि ६० − ३२ = २८. (इथे ३२ पुन्हा येतो, पण तो आतल्या बागेचा. आकडा सारखा आल्याने गोंधळ वाढतो, म्हणून सरावाला १२ × ७ घ्या: ८४ − ५० = ३४.)

चौकटीची_वही

चौथऱ्याचा कोपरा म्हणजे तुम्हाला आयती मिळालेली संधी आहे. मुलांना आधी अंदाज करू द्या: कोपरा कापला की परिमिती कमी होईल, वाढेल की तेवढीच राहील? बहुतेक "कमी" म्हणतील. मग सुतळी लावा. १२, ८, ११, १ आणि २, म्हणजे आतल्या बाजूने वळलेली सुतळी, आणि शेवटची ६. बेरीज ४०, तेवढीच. क्षेत्रफळ मात्र ९६ वरून ९४. कोपऱ्यातून आत वळलेल्या दोन बाजू बाहेरच्या हरवलेल्या दोन बाजूंएवढ्याच असतात, फक्त सरकलेल्या. चौकटीच्या वहीत त्या बोटाने बाहेर ढकलून दाखवा.

लगेच दुसरा प्रश्न: तोच १ × २ चा तुकडा कोपऱ्यातून न कापता बाजूच्या मधून कापला तर? १ मीटर काठ गेला, पण २ + १ + २ = ५ आला. परिमिती ४४, क्षेत्रफळ पुन्हा ९४. आडवा कापला, म्हणजे काठावर २ आणि आत १, तर २ मीटर गेला आणि १ + २ + १ = ४ आला. परिमिती ४२. जागा दोन्ही वेळा तेवढीच गेली, काठ वेगवेगळा वाढला. हे तीन आकार वहीत शेजारी शेजारी काढायला लावा.

जाळीचं मात्र स्वतंत्र बघा, कारण भिंत आहे. टाकी जाळीच्या आत घेतली तर ८ + १२ + ८ = २८ मीटर. टाकी सगळ्या शाळेला लागते म्हणून बाहेर ठेवली तर जाळी ८ + १२ + ६ + १ + २ = २९ मीटर, कारण भिंतीचा १ मीटर कमी झाला. एकूण परिमिती ४० च.

खांब: २८ मीटरला दर २ मीटरवर एक, तर १४ नव्हे, १५. उघड्या रेघेला दोन्ही टोकांना खांब लागतो. भिंत नसती आणि पूर्ण ४० मीटर फेरी असती तर २० च लागले असते, कारण शेवटचा खांब पहिलाच असतो. हा फरक मुलांनी स्वतः उभं राहून करावा: एकदा ओळीत, एकदा गोल, दोघांमध्ये दोन हातांचं अंतर ठेवून.

आणि फाटक मधल्या १ मीटर रस्त्यासमोर ठेवणार असाल तर एक अडचण आहे. ८ मीटरच्या बाजूला खांब ०, २, ४, ६, ८ वर येतात, म्हणजे ४ चा खांब नेमका रस्त्याच्या मधोमध. तिथे ३.५ आणि ४.५ वर दोन खांब घ्या, मधले १.७५ आणि ६.२५ वर सरकवा. एकूण १६. जाळी हिशोबाने २७ मीटर, पण कोपऱ्यावर वळवायला आणि टोकं खांबाला गुंडाळायला मीटरभर जास्त आणा.

नकाशा काढताना १ सेंमीच्या चौकटीला अर्धा मीटर धरा, म्हणजे ५० सेंमीची वाट बरोबर एक चौकट होते. जागा २४ × १६ चौकटी, वहीचं पान लहान पडेल, दोन पानं चिकटवा. मुलं ३८४ चौकटी मोजून "३८४ चौमी" लिहितील. चार चौकटी मिळून एक चौमी, हे गोणीचा चौरस चार घड्यांत दुमडून दाखवा.

गुंठा_आर

एक राहिलं. तुमची जागा गुंठ्याला जराशी कमी आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौमी. मुलं घरी गुंठेच ऐकतात, म्हणून ही ओळख करून द्या: शाळेमागची जागा म्हणजे जवळजवळ एक गुंठा. घरचं शेत वीस गुंठे असेल तर अशा वीस बागा, जरा ऐसपैस.

पण "गुंठा म्हणजे ३३ × ३३ चा चौरस" हे डोक्यात बसू देऊ नका. गुंठा हे क्षेत्रफळ आहे, त्याला आकार नाही. ११ × ९९ फुटांची पट्टीही एक गुंठाच. चौरसाचा काठ १३२ फूट, पट्टीचा २२०. वाटण्या होऊन शेताच्या पट्ट्या पडल्या की बांधात आणि कुंपणात किती जातं ते मुलांना आता स्वतः काढता येईल. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौमीत असतं, १ आर म्हणजे १०० चौमी. तिथे काठाचं माप नसतं. सातबारा वाचून कुंपणाचा खर्च काढता येईल का, हा प्रश्न पाचवीला विचारायला हरकत नाही.

पाचवीच्या_बाई

हा प्रश्न नक्की घेते. शेवटचं: जागेच्या बाहेर, फाटकाजवळ कडुनिंब आहे. त्याच्याभोवती गोल आळं करून झेंडू लावायचाय. वर्तुळाचं सूत्र पाचवीला नाही. सोडून देऊ का?

चौकटीची_वही

सोडू नका. खोडाभोवती सैल फासा, त्याला १ मीटर दोरी, दोरीच्या टोकाला काटकी, फिरवून वर्तुळ काढा. खोड जाड असेल तर दोरी खोडाच्या मध्यापासून १ मीटर भरेल अशी कमी करा, नाहीतर आळं मोठं होतं. काठ सुतळीने मोजा, ६ मीटरपेक्षा थोडा जास्त, सव्वासहाच्या आसपास येईल. झेंडू ३० सेंमीवर लावलात तर वीस रोपं.

आतली जागा चौकटीच्या वहीत मोजा. १० सेंमीला एक चौकट धरून कंपासने १० चौकटी त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. पूर्ण चौकट एक, अर्धी किंवा अर्ध्याहून मोठी असेल तर एक, अर्ध्याहून लहान सोडून द्यायची. उत्तर ३१४ च्या जवळपास, म्हणजे तीन चौमीपेक्षा थोडं जास्त. मुलामुलाचं उत्तर पाच-दहा चौकटींनी वेगळं येईल, ते चूक धरू नका. सगळं वर्तुळ मोजायला कंटाळा येतो, पाव भाग मोजून चौपट करायला सांगा. खोडाची जागा वजा करायला विसरतील, त्यासाठी खोडाभोवती सुतळी गुंडाळून तेवढंच लहान वर्तुळ वहीत मधे काढून घ्या.